दाखवण्यापुरते पैसे

साखरेच्या बरणीला टेकवून मोबाइल उभा केला होता. पडद्यावर मिरीचं कपाळ, अर्धे डोळे आणि पाठीमागे कपडे धुण्याची तीन गोल तोंडाची यंत्रं दिसत होती. तिकडे सकाळचे आठ वाजले होते. खोलीतली दुसरी मुलगी झोपलेली असल्यामुळे मिरी इमारतीच्या तळघरात येऊन बसली होती आणि घरची सभा सुरू व्हायची वाट बघत होती.

सभा थोरल्यांच्या घरी होती. या घरातल्या सभा नेहमी थोरल्यांकडेच व्हायच्या. तिघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा दुकान, जागा, भांडीकुंडी सगळं वाटलं गेलं, अध्यक्षपद मात्र वाटायचं राहून गेलं आणि ते थोरल्यांकडेच राहिलं. फरशा आणि नळ विकणाऱ्या या माणसाने बैठकीच्या खोलीला दुकानात उरलेले नमुने लावून घेतले होते. एका भिंतीवर चार तऱ्हेची फुलं होती आणि एकाचाही दुसऱ्याशी मेळ नव्हता. मिरीची आई मघापासून त्या भिंतीकडेच बघत होती. समोर बघितलं असतं तर तोंडून काहीतरी निघून गेलं असतं.

तिच्या पर्समध्ये तीन पाकिटं होती. ती द्यायचीच असं सकाळी ठरलं होतं. बसमध्ये चढताना नको वाटलं, जिना चढताना पुन्हा द्यावीशी वाटली, आणि आता थोरले पाणी पिऊन घसा साफ करत होते तेव्हा तिला स्वतःचंच काही कळत नव्हतं.

मागच्या वर्षी काय झालं हे घरातले सगळे आपापल्या परीने सांगतात. घडलं ते एवढंच. मिरीला परदेशात प्रवेश मिळाला. फीसाठी तिच्या आईवडिलांनी आपलं दोन खोल्यांचं घर बँकेकडे गहाण टाकलं. पण व्हिसाला तेवढं पुरत नव्हतं. मुलीकडे राहण्याखाण्याचे चौदा लाख आहेत हे दाखवावं लागणार होतं, आणि ते सलग अठ्ठावीस दिवस तिच्या खात्यात, एका छदामाचीही हालचाल न करता, पडून असायला हवे होते. थोरल्यांनी सात घातले. धाकट्या दिरांनी तीन. थोरल्या जाऊबाईंनी स्वतःच्या खात्यातून दोन आणि आईवडिलांनी उरलेले दोन. अठ्ठावीस दिवस भरले, आणि एकोणतिसाव्या दिवशी बँकेचं शटर वर जायच्या आधी थोरले पायरीवर हजर होते. घरी आलेले पाहुणेसुद्धा निघताना याहून जास्त घुटमळतात.

पैसे निघून गेले, पण त्यांचा टेंभा मागे राहिला. महिनाभरात थोरले दुकानात गिऱ्हाइकाला बेसिन दाखवता दाखवता सांगू लागले, "आमची पुतणी बाहेर शिकते. आम्हीच शिकवतोय." धाकटे दीर ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. त्यांनी गाडी शिकायला येणाऱ्यांना तेच ऐकवायला सुरुवात केली. सहा महिन्यांत दोघांचाही त्यावर खरोखर विश्वास बसला. इतरांना दाखवायला ठेवलेले पैसे ते स्वतःच बघून बसले होते. या घराण्यातच होऊ शकेल अशी ही चूक होती, आणि ती चूक आहे असं तोंडावर सांगायची कोणाची छाती नव्हती.

त्या पैशांतून मिरीने एक पावसुद्धा घेतला नव्हता. ती कायद्याने चालतं तेवढे, आठवड्याचे वीस तास, एका मोठ्या दुकानात फळ्यांवर डबे लावायची. संध्याकाळी साडेसात वाजता उरलेल्या मालावर उतरवलेल्या किमतीच्या पिवळ्या चिठ्ठ्या लागायच्या, त्याच चिठ्ठ्यांवर तिचं जेवण ठरायचं. बसचा पास महाग म्हणून पाऊण तास चालायची. इकडे तिची आई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासून चकचकीत करायची. पूर्वी सहाला सुटायची, आता आठला सुटत होती. तिच्या नखांत गुलाबी भुकटी बसलेली असायची, आणि थोरले तिला गमतीने कवळीवाली म्हणायचे. ती गंमत तिला वीस वर्षांत एकदाही आवडली नव्हती.

आता दुसऱ्या वर्षाचा व्हिसा काढायचा होता. मिरीची कमाई धरल्यामुळे या वेळी आठ लाख दाखवले तरी चालणार होतं. मिरीच्या खात्यात दोन होते आणि आईवडिलांनी दोन जमवले होते. चार कमी पडत होते. मंगळवारपर्यंत ते खात्यात पडले नाहीत तर अठ्ठावीस दिवस भरणार नव्हते, आणि दिवस भरले नाहीत तर मुलगी शिक्षण अर्धं टाकून परत येणार होती. घर मात्र गहाणच राहणार होतं. म्हणून मिरीची आई त्या बेमेळ फुलांसमोर मूग गिळून बसली होती.

थोरल्यांनी बोलायला सुरुवात केली. आपण एवढी मोठी झेप घेतली, आपल्या घरात हे पहिल्यांदा झालं, आपण सगळ्यांनी पोटाला चिमटा काढून पोरीला शिकवलं, असं बराच वेळ चाललं. 'आपण' या शब्दावर ते दर वेळी स्वतःच्या छातीला हात लावत होते. धाकटे दीर प्रत्येक वाक्याला री ओढत होते. मिरीचे वडील खाली बघत होते. विजेचे मीटर वाचणारा हा माणूस. दारोदार फिरून लोकांचे आकडे बिनचूक टिपायचा, पण थोरल्या भावासमोर बसला की त्याला कुठलाच आकडा आठवायचा नाही. थोरल्या जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. इस्पितळात तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. लोकांचं ऐकून घ्यायची आणि मध्ये न बोलायची सवय त्यांना नोकरीतूनच लागली होती.

जाऊबाईंबद्दल मिरीच्या आईच्या मनात एक जुनी अढी होती. निघताना सगळ्यांनी मिरीला काही ना काही दिलं, जाऊबाईंनी दिली ती वापरलेली बॅग, एक चाक अडकलेली. विमानतळाच्या त्या लांबलचक फरशीवर मिरी ती बॅग खरडत नेत होती तो आवाज आईच्या कानात अजून होता. एवढी पेन्शन घेते आणि पोरीला ही बॅग, असं तिने तेव्हा नवऱ्याला ऐकवलं होतं, आणि पुढेही बऱ्याचदा ऐकवलं.

"तर पैसे मी देतो," थोरले म्हणाले. "चारच्या चार देतो. पण या वेळी काही गोष्टी आधी ठरवू."

खिशातून कागद निघाला. मिरीच्या आईने धाकट्या दिरांकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते, म्हणजे कागद त्यांना माहीत होता. गाडी शिकवणाऱ्याच्या पायाखाली जसा एक जादा ब्रेक असतो तसा या माणसाच्या पायाखाली कायम असायचा. कुठल्याही भांडणात ते दुसऱ्याला चालवायला द्यायचे आणि स्वतः फक्त थांबवायचं काम करायचे.

कागदावर तीन गोष्टी होत्या. पहिली, धाकट्यांचा मुलगा पिंट्या पुढच्या सत्रात तिकडेच शिकायला जाणार, तो मिरीच्या खोलीवर राहील आणि त्याच्या वाट्याची खोलीची अनामत मिरी भरेल. दुसरी, मिरीने दर महिन्याला ठरावीक रक्कम घरी पाठवायची, दुकानाच्या मागची भिंत पाडून जागा वाढवायची होती त्याला हातभार म्हणून. तिसरी, दर रविवारी आठवड्याच्या खर्चाची यादी पाठवायची.

"यादी कशाला, दादा?" मिरीच्या वडिलांनी कसंबसं विचारलं.

"कशाला म्हणजे? मागे तिने बुटांचा फोटो टाकला होता. नवे कोरे बूट, घोट्याच्या वर येणारे. तेव्हाच मी म्हटलं, आपण इथे काटकसर करतोय आणि तिकडे थाट चाललाय. आपल्या पैशांचं काय होतं हे आपल्याला कळायला नको?"

"काका, ते जुने आहेत," फोनमधून मिरीचा आवाज आला. "वापरलेल्या कपड्यांच्या दुकानातले. आधीच्या बुटांत पाणी शिरत होतं. पाय सुजले होते, म्हणून."

"चालेल ना. यादीत लिहायचं तसं. लपवायचं काय त्यात?"

मिरीची आई पडद्याकडे बघत होती. मिरी म्हणजे मिरीच होती, नाव उगाच पडलं नव्हतं. चौथीत असताना तिने मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं होतं की शिक्षा चुकीच्या मुलाला दिली. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाशी तिचं एकदा तरी वाजलं होतं. आता ती उसळेल, आईला वाटलं. अर्ध्या खोलीत राहते ती. मध्ये पडदा लावून दोघी राहतात, तिथे पिंट्याला कुठे टांगायचं, असं काहीतरी विचारेल. घरी पैसे पाठवायचे तर जेवायचं कधी, असं विचारेल.

मिरीने नाक ओढलं. मागचं एक यंत्र थरथरत थांबलं.

"चालेल, मोठे काका," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं. यादी पाठवते."

ते ऐकलं आणि आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलीला त्यांनी उपाशी ठेवलं असतं तरी तिला एवढा राग आला नसता. त्यांनी तिची जीभ काढून घेतली होती आणि वर उपकार म्हणून मिरवत होते. दहा तास कवळ्या घासताना तिने किती वेळा मनाशी घोकलं होतं, सहन कर, दोन वर्षांचा प्रश्न आहे. पण असलं 'चालेल' म्हणायला शिकण्यासाठी तिने मुलीला पाठवलं नव्हतं.

पर्सची चेन उघडली. पहिलं पाकीट तिने थोरल्यांच्या कागदावर ठेवलं, दुसरं धाकट्या दिरांच्या गुडघ्याजवळ. तिसरं हातात राहिलं.

"हे काय?" थोरल्यांनी विचारलं.

"व्याज आहे."

"कसलं व्याज?"

"सात लाखांचं, अठ्ठावीस दिवसांचं. बचत खात्याला मिळतं त्या दराने लॅबच्या हिशेबनिसाकडून काढून आणलंय. सोळाशे अकरा होतात. भावजींचे तीन लाखांचे सहाशे नव्वद. मोजून घ्या."

मिरीच्या वडिलांनी पहिल्यांदाच मान वर केली.

थोरले हसले, पण ते हसू भिंतीवरच्या फुलांसारखं होतं, चेहऱ्याशी त्याचा मेळ नव्हता. "हिला काय झालंय? अरे, तू सांग हिला. घरच्या माणसांना कोणी व्याज देतं का?"

"घरच्या माणसांचे पैसे असते तर दिलं नसतं," मिरीची आई म्हणाली. "दादा, तुम्ही माझ्या मुलीला शिकवलं नाही. तुम्ही सात लाख तिच्या खात्यात बसवले आणि उठवून नेले. त्याबद्दल मी तुमची आभारी होते, खरंच होते. वर्षभर होते. पण तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता, पाहुण्यांना सांगता, आणि आज माझ्या पोरीला तिच्या बुटांचा जाब विचारताय. ते बूट तिने डबे लावून घेतलेत. आता हे व्याज घ्या. म्हणजे तुमचं देणं फिटलं, आणि 'आम्ही शिकवलं' हे पुन्हा बोलायचं नाही."

"आई, नको ना," मिरी म्हणाली. तिचा पूर्ण चेहरा आता पडद्यात आला होता. "मंगळवार आहे. आई, मंगळवार."

"मला माहितीये कधी मंगळवार आहे. तुझ्या खात्याचा उतारा आहे ना फोनवर? वाच. मागच्या वर्षीचे ते दिवस वाच. सगळ्यांना ऐकू दे."

धाकटे दीर पुढे सरकले. वहिनी, जाऊ द्या, विषय कशाला वाढवायचा, दादांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, असं ते समजुतीच्या सुरात बोलू लागले. त्यांचा पाय ब्रेकवर पडला होता. पण पिंट्याच्या व्हिसालाही उद्या असेच पैसे दाखवायला लागणार होते आणि ते थोरल्यांकडूनच यायचे होते, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बोलता बोलता त्यांची नजर सारखी थोरल्यांकडे जात होती.

"वाच, मिरी," आई म्हणाली.

मिरी वाचू लागली. आवाज अगदी सपाट होता. मोठ्या काकांकडून सात लाख जमा, तीन तारखेला. धाकट्या काकांकडून तीन लाख जमा, त्याच दिवशी. आईबाबांचे दोन. मग पुढच्या महिन्याची पहिली तारीख. सात लाख परत. तीन लाख परत. आईबाबांचे दोन परत, बँकेच्या हप्त्यासाठी.

तिथे ती थांबली.

"संपलं?" थोरल्यांनी विचारलं. "हे काय मी नाही म्हणतोय? धंद्यातले पैसे होते, परत घ्यावेच लागतात. यात नवीन काय सांगितलं?"

"संपलं नाही," दारातून आवाज आला. जाऊबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. "चौदा आले होते. परत बाराच गेलेत. माझे दोन वाच, मिरी."

"मोठी काकू, तू सांगू नको म्हणाली होतीस."

"आता मीच सांगतेय. वाच."

मिरीने वाचलं. दोन लाख जमा. परत काहीच नाही. मग मिरी तिकडे पोचल्यावर अकराव्या दिवशी तिकडच्या घरमालकाला एक लाख ऐंशी हजार, खोलीची अनामत. मग पुढे दर महिन्याला मिरीच्या पगारातून थोडे थोडे परत भरलेले, पाच हजार, सात हजार, एकदा तीनच हजार, करत करत खातं पुन्हा दोन लाखांवर आलेलं.

मिरीच्या आईला एकदम बसायला जागा हवीशी वाटली, आणि मग लक्षात आलं की ती बसलेलीच होती. अनामत कॉलेजने उसनी दिली असं मिरीने सांगितलं होतं. खात्यातल्या दोन लाखांबद्दल ती लॅबमध्ये अभिमानाने बोलली होती, माझ्या मुलीने एवढे वाचवले म्हणून. चाक अडकलेल्या बॅगेचा तो आवाज तिला पुन्हा ऐकू आला आणि तिला आपल्याच रागाची लाज वाटली.

थोरले बायकोकडे वळले होते. "तू मला म्हणाली होतीस, पैसे आले म्हणून."

"मी असं म्हणाले नव्हते. तुम्ही घरी येऊन म्हणालात, आपले आले एकदाचे. माझे आले का ते तुम्ही विचारलं नाही." जाऊबाई कपात चहा ओतत होत्या, एक थेंब बशीत सांडला नाही. "तीस वर्षं मी फोनवर लोकांचं ऐकलंय. बिल भरायला पैसे नाहीत म्हणून रडणारी माणसं कशी बोलतात ते मला कळतं. हिने निघायच्या आदल्या दिवशी खोलीची चौकशी केली होती फोनवर, तुमच्या याच खोलीत बसून. तुम्ही सगळे इथेच होता."

मग थोरल्यांनी कागदाची घडी घातली. असं आहे तर असू दे, ते म्हणाले, व्याज देण्याइतकी ऐपत आली असेल तर चार लाखांची सोयही झालेली असेल. माझ्याकडून आता एक पै मिळणार नाही. पिंट्याच्या वेळी बघू, माणसं ओळखून. शेवटचं वाक्य धाकट्यांसाठी होतं. धाकट्यांनी ते बरोबर झेललं, मान डोलावली, आणि डोलावता डोलावता गुडघ्याजवळचं सहाशे नव्वदचं पाकीट हळूच शर्टाच्या खिशात सरकवलं.

मिरीची आई फोनकडे बघू शकत नव्हती. आपण बोललो ते बरोबर बोललो, याबद्दल तिला शंका नव्हती. पण त्याची किंमत आपण न मोजता मुलीने मोजायची, हे तिला आता कळत होतं. मंगळवारला दोन दिवस उरले होते.

"आई," मिरी म्हणाली. ती रडत होती, पण आवाजात जुना तिखटपणा परत आला होता. "परत यावं लागलं तर येईन. पण बुटांची यादी मी पाठवणार नव्हतेच. नुसतं म्हणत होते."

"परत कशाला येतेस?" जाऊबाईंनी चहाचा कप मिरीच्या आईच्या हातात दिला. "माझी ठेव आहे चार लाखांची, निवृत्तीच्या वेळची. उद्या सकाळी बँकेत जाऊन मोडते. हिचे बाबा येतील माझ्याबरोबर फॉर्म भरायला. येणार ना?"

मिरीचे वडील उठून उभे राहिले, बँक आत्ताच उघडी असल्यासारखे. "येतो वहिनी," ते म्हणाले, आणि भावाकडे न बघता म्हणाले.

"ठेव मोडायची तर मला विचारशील की नाही?" थोरल्यांनी विचारलं.

"नाही," जाऊबाई म्हणाल्या.

मिरीच्या आईच्या हातात तिसरं पाकीट अजून तसंच होतं. घामाने ते मऊ पडलं होतं. त्यात चारशे साठ होते. तिने ते पर्समध्ये लपवायचा प्रयत्न केला, पण जाऊबाईंनी हात पुढे केला होता.

"हे माझं ना? दे इकडे."

"ताई, राहू द्या. मला माहीत नव्हतं. मी तुम्हाला काय काय बोललेय..."

"दे."

जाऊबाईंनी पाकीट उघडलं नाही. वर लिहिलं होतं तेवढंच चष्मा वर करून वाचलं, दोन लाख, अठ्ठावीस दिवस. थोरल्यांच्या खिशातलं पेन त्यांनी न विचारता काढून घेतलं आणि 'अठ्ठावीस'वर एक आडवी रेघ मारली.

"हे चुकलंय," त्या म्हणाल्या. "माझे दिवस अजून चालू आहेत."

आणि पाकीट तिच्याच पर्समध्ये घालून त्यांनी चेन ओढून घेतली.